पदरावरचा आकडा

चैतालीताईचं पहिलं बोट मोडलं तेव्हा आवाज आलाच नाही. दुसरं मोडलं तेव्हा आला, आणि तो अजून माझ्या कानातून जात नाही. गुरुवारची दुपार होती. विहाराच्या मागच्या खोलीत प्रभु मुकादमानं ताईचा डावा हात टेबलावर दाबून धरला होता आणि एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारत होता. मी त्याच टेबलाखाली होते. शाळेतून परस्पर आले होते, दप्तर पाठीवरच होतं, आणि हुंदका बाहेर पडू नये म्हणून मी दप्तराचा पट्टा चावत बसले होते.

“माझ्याबद्दल कोण कोण बोललंय? नावं सांग.”

“मला नाही उघडता येत,” ताई म्हणाली.

“पेटी केली कुणी?”

“मी.”

“मग किल्ली तुझ्याकडंच आसणार की.”

“किल्ली कुणाकडंच नाही.”

हे त्याला खोटं वाटलं. त्यानं लोखंडी पाइपनं टॅब फोडला, खिडकी फोडली, पाइपचं टोक ताईच्या कानशिलात हाणलं आणि जाताना सांगून गेला, की दोन दिवसांत नावं मिळाली नाहीत तर उजवा हात. रक्त तिच्या कानामागून कुडत्याच्या गळ्यात उतरत होतं. मी टेबलाखालून बाहेर आले तर ती म्हणते, आधी फळा बघ, पुसलाय का. फळा होता तसा होता.

आता फळा काय आणि पेटी काय, ते सांगते, कारण ते सांगायला मला फार आवडतं. दीड वर्षापूर्वी हजेरीला ‘हजर’ म्हणतानाही माझा आवाज फुटायचा नाही. आता मी साठ बायकांपुढे उभी राहून प्रोसेसर समजावते. खरंच समजावते, आणि त्यांना समजतो.

पेटी म्हणजे दूर कुठंतरी भाड्यानं घेतलेला एक संगणक. साध्या संगणकात आपली माहिती ठेवताना कुलूपबंद असते, पाठवताना कुलूपबंद असते, पण तिच्यावर काम करायचं म्हटलं की कुलूप काढावंच लागतं. गिरणीत डबा दिला की झाकण उघडावं लागतं, आणि मग गिरणीवाल्याला दिसतंच की तुमच्या ज्वारीत किती खडे आहेत. ताईच्या पेटीत डबा झाकणासकट आत जातो आणि झाकणासकट दळून येतो. संगणकाच्या मेंदूतच एक बंद खोली असते, तिथं सगळं काम चालतं. संगणकाचा मालक, ताई, मी, कुणालाच आत डोकावता येत नाही. बाई फोनवर आपला जबाब बोलते, तो आत जाऊन बसतो. एकाच माणसाबद्दल तीन वेगवेगळ्या बायका बोलल्या की ते तीन जबाब आमच्या वकीलबाईंच्या फोनवर उघडतात. तोवर एक आहे की दोन, एवढंही कळत नाही.

पहिल्या रविवारी चार बायका आल्या होत्या, त्यातल्या दोन चहासाठी. मग अकरा झाल्या, मग साठ. मग सांगोल्याला डाळिंबाच्या बागेत राबणाऱ्या बायकांनी तोच प्रोग्राम घेऊन स्वतःची पेटी उभी केली, आणि दिवाळीनंतर दुधनीच्या बाजारात धान्य निवडणाऱ्या बायकांनी तिसरी. प्रत्येक जबाबाची कुलूपबंद नक्कल तिन्ही पेट्यांत असते. पेट्या आधी एकमेकींचा शिक्का तपासतात, मगच एकमेकींशी बोलतात. आमच्यापेक्षा शहाण्या आहेत त्या.

शिक्का म्हणजे आठ आकडे. पेटीत चाललेल्या प्रोग्राममधलं एक अक्षर जरी कुणी बदललं तरी ते आकडे बदलतात. बोलण्याआधी ते फोनवर दिसतात, आणि आपल्या आकड्यांशी जुळले तरच तोंड उघडायचं. तिन्ही पेट्यांत प्रोग्राम एकच, म्हणून शिक्काही एकच, ४७१९ ०२६३. फळ्याच्या कोपऱ्यात मी तो रंगीत खडूनं लिहिला होता.

या बायकांतल्या बहुतेक टॉवेलच्या कारखान्यात कड शिवतात. तिथं प्रत्येकीच्या गठ्ठ्यात एका टॉवेलला आतून लाल दोऱ्याचे तिचे तिचे टाके असतात, म्हणजे कुठलं काम कुणाचं यावर भांडण होत नाही. सोनाबाई मावशींना वाचता येत नाही. त्यांनी शिक्क्याचे आकडे माझ्याकडून कागदावर मोठे काढून घेतले आणि पदराच्या आतल्या कोपऱ्यावर लाल दोऱ्यानं तसेच्या तसे शिवले. बघता बघता सगळ्यांनी शिवले, पोरींनी ओढणीवर शिवले, दुधनी-सांगोल्यापर्यंत ते गेलं. मला ते जरा गावठीच वाटलं होतं. एवढा छान फळा असताना पदर कशाला?

माझ्या आईचा जबाब पेटीत होता. मला माहीत होतं, कारण ती बोलत असताना फोन मी धरला होता. तिला धरता येत नव्हता. जानेवारीत प्रभुनं तिचा उजवा तळहात गरम इस्त्रीवर दाबला होता. कारण काय, तर ती एका पाळीत दोनदा लघवीला गेली. वीसपर्यंत मोजलं त्यानं, मोठ्यानं, सगळ्या लाइनला ऐकू जाईल असं. कारखान्याला बायका पुरवायचं काम त्याचं, त्यामुळे कुणी मान वर केली नाही. घरी आईनं तवा लागला म्हणून सांगितलं. तिचं नाव त्याला कळलं असतं तर या वेळी तो तळहातावर थांबला नसता.

ताईच्या हाताला प्लास्टर घालून झालं. पोलीस ठाण्यात तिला सोमवारी या म्हणाले. शनिवारी संध्याकाळी तिच्या फोनवरून गटावर मेसेज आला, की मोडतोडीमुळे पेटी नवी केली आहे, जुनी बंद झाली, तेव्हा सगळ्यांनी रविवारी येऊन पुन्हा बोलावं. खाली नवा शिक्का होता, ८३०५ ६६१२.

नियम असा आहे, की सांगोला आणि दुधनी दोघींनी तपासून हो म्हटल्याशिवाय नवा शिक्का धरायचा नाही. तो नियम माझ्याच अक्षरात वहीत आहे. पण मला वाटलं, ताई मोडक्या बोटांनी एवढं काम करते आणि मी तिचीच परीक्षा घेऊ? रविवारी सकाळी सातला जाऊन मी जुना आकडा पुसला आणि नवा लिहिला. अक्षर नेहमीपेक्षा झोकदार आलं होतं.

नऊला वंदना झाली, पंचशील झालं, आणि बायका मागच्या खोलीत जमल्या. ताई आली नव्हती. समोरच्या टपरीवर प्रभु चहा पीत बसला होता, सारखा फोनकडे बघत. दोघी-तिघी त्याला बघून परत निघाल्या, त्यांना मी हाताला धरून आत आणलं. बघू दे त्याला, मी म्हणाले, त्याच्या डोळ्यांदेखत बोलू. मला स्वतःचा केवढा अभिमान वाटत होता.

आई पहिली बसली. फोनवर आकडे आले. मी फळ्याशी जुळवले, जुळले. तिनं घसा साफ केला आणि बटणावर अंगठा ठेवला, तोच मागून सोनाबाई मावशींनी आपला पदर त्या फोनवर पसरला.

“थांब मीना. ह्यो आकडा आपला न्हाय,” त्या आईला म्हणाल्या.

मी मावशींना समजावलं, अगदी शिक्षकांसारखं, की हा नवा आहे, ताईनंच पाठवलाय, फळ्यावर बघा. त्यांनी फळ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

“दुधनीच्या बायांनी टाका उसवलाय का?”

मी दुधनीच्या बसव्वांना फोन लावला. त्या बाजारातच होत्या, मागं पोत्यांची आदळआपट चालू होती.

“इल्ल, इल्ल,” त्या म्हणाल्या. “न्हाय गं. टाका हाय तसाच हाय. कोण म्हणलं तुला बदलला?”

आईचा अंगठा अजून बटणावर होता. ती बोलली असती तर तिचा शब्द न् शब्द कुठं गेला असता, ते मला त्या क्षणी कळलं. टपरीवर. मी तिच्या हातातला फोन हिसकला आणि बंद केला, आणि खोलीतल्या सगळ्या बायकांनी न बोलता पदर पुढे घेतले, आकडे बघायला.

ते दारातून त्याला दिसलं. चहाचा ग्लास फुटल्याचा आवाज आला आणि प्रभु आत आला, पाइप घेऊनच. सोनाबाई मावशींचा अंबाडा धरून त्यानं त्यांचं डोकं फळ्याच्या कडेवर आपटलं. एकदा, दोनदा. माझा झोकदार आकडा रक्तानं भिजला.

“बोला,” तो ओरडला, “एकेक करून बोला, न्हायतर हिचा मेंदू ह्या भिंतीला लावतो.”

पाइप तिसऱ्यांदा वर गेला आणि आई मधे आली. तिनं तो जळक्या हातानं धरला. त्या तळहाताला फारसं काही जाणवत नाही, कातडी मेली आहे तिथली, त्यामुळे तो ओढत राहिला आणि ती सोडेना. त्यानं तिच्या पोटात लाथ मारली. ती खाली बसली, पण पाइप घेऊनच बसली. मग मी त्याच्या मनगटाला चावले. खारट, गरम काहीतरी तोंडात आलं आणि मी तरी सोडलं नाही. त्यानं दुसऱ्या हाताची मूठ माझ्या नाकावर मारली, सगळं पांढरं झालं, आणि त्या पांढऱ्यातून मला बायका उठताना दिसल्या.

कड शिवणाऱ्या बायकांच्या गळ्यात दोरा कापायचा छोटा कटर असतो. रविवारीसुद्धा तो काढायचं त्यांच्या लक्षात राहत नाही. वीस तरी कटर त्याच्या दंडांवर, पाठीवर, मांड्यांवर चालले. कारखान्यात जसे त्यांचे हात चालतात तसेच चालत होते, भराभर आणि मुकाट. तो गुडघ्यांवर आला तेव्हा त्याच्या सदऱ्याच्या चिंध्या झाल्या होत्या. कुणीतरी त्याच्या तोंडावर पाइप मारला आणि दात फरशीवर टणटणत गेला. पाणातिपाता वेरमणी, जिवाची हिंसा करणार नाही, असं म्हणून अजून तासही झाला नव्हता. शेवटी चौघींनी त्याच्यावर बसून ओढण्यांनी त्याचे हात मागं बांधले, आणि मी ओरडले की आता बास, मरेल तो. थांबल्या. पण लगेच नाही थांबल्या.

सोनाबाई मावशींच्या भुवईवरून रक्ताची धार चालू होती. कुणी दवाखाना म्हणत होतं. त्यांनी माझ्यापुढं हात केला.

“फोन दे. दुधनीची पेटी लाव.”

मी लावली. माझ्या नाकातलं रक्त काचेवर पडत होतं, ते पुसून पुसून दाखवलं. आकडे आले. मावशींनी पदराचा कोपरा फोनशेजारी धरला आणि लाल टाक्यांवरून बोट फिरवत एकेक आकडा जुळवला. सगळे आठ. बाहेर पोलिसांच्या गाडीचा सायरन ऐकू येत होता तरी त्यांनी घाई केली नाही. मग त्या बोलल्या, प्रभुच्या समोर, त्यानं तीन वर्षांपूर्वी त्यांच्या सुनेला जिन्यावरून कसं ढकललं आणि तिचं सहा महिन्यांचं पोट कसं गेलं ते.

मिनिटभरात वकीलबाईंचा फोन आला. प्रभुविरुद्धचे तीन जबाब उघडले आहेत, त्या म्हणाल्या, आता कुणी कशाला हात लावू नका, मी निघाले आहे.

ताईचं नंतर कळलं. शनिवारी प्रभुची दोन माणसं जुळे सोलापुरात तिच्या फ्लॅटवर घुसली होती आणि तिच्या आईच्या गळ्याला सुरी लावून त्यांनी तिच्याकडून दुसरा प्रोग्राम लिहून घेतला होता, जो ऐकलेलं सगळं थेट प्रभुला पाठवेल. जुने जबाब त्या प्रोग्रामनं उघडत नाहीत हे कळल्यावर पुन्हा बोलवायची कल्पना प्रभुचीच. शिक्का बदलेल हे ताईनं त्याला स्वतःहून सांगितलं, आणि म्हणाली, बायका फळ्यावर बघतात. पदराचं बोलली नाही. त्या खोलीत वहीतला नियम पाळणारी एक तरी असेल असं तिनं धरलं होतं. ती मी नव्हते, हे मी तिला स्वतः सांगितलं.

पण ते नंतरचं. त्या क्षणी प्रभु फरशीवर आडवा होता, एक डोळा सुजून मिटलेला, आणि फुटक्या ओठांनी तोच प्रश्न विचारत होता.

“पयली कोण बोलली? एवढंच सांगा. पयली कोण?”

बोलायची गरजच नव्हती, वकीलबाई कागदांतून काय ते दाखवणार होत्या. मी आईकडे बघितलंही नाही, मुद्दाम. पण ती पोट धरून भिंतीच्या आधारानं उठली, त्याच्यापाशी गेली, आणि उकिडवी बसून उजवा तळहात त्याच्या उघड्या डोळ्यासमोर धरला, गुळगुळीत, गुलाबी, एकही रेघ नसलेला.

“मी,” ती म्हणाली. “आता मोज वीसपर्यंत.”