ओळखीचं माणूस म्हणून ग्रंथालयातल्या ताई

आमचे हे मला नेहमी म्हणतात, "तुझ्या तोंडात तीळ भिजायचा नाही." मी म्हणायची, भिजवून करायचंय काय त्या तिळाचं? बावीस वर्षं ग्रंथालयाच्या देवघेवीच्या टेबलावर काढली मी. कोण काय नेतं, कोण काय परत आणतं, सगळं माझ्या हाताखालून जातं. लोक मला विचारायला येतात. डॉक्टर कुठला बरा, खोली कुठे रिकामी आहे, अमक्याचा मुलगा खरंच नोकरीला लागला का. मला ते आवडायचं. आता कशाला खोटं बोलू, फार आवडायचं.

त्या शनिवारच्या कार्यक्रमाचा फलकसुद्धा मीच लिहिला. कल्पना आमच्या ग्रंथपालबाईंची. भाड्याचं घर शोधताना माणसांना काय काय ऐकून घ्यावं लागतं, कायदा काय म्हणतो, हे एक वकीलबाई वाचनकक्षात सांगणार होत्या. ज्यांना कुठे घर नाकारलं असेल त्यांचा तक्रारअर्जही तिथल्या तिथे भरून द्यायचा होता. माझं अक्षर मोत्यासारखं, म्हणून अर्ज लिहून द्यायचं काम माझ्याकडे आलं. फलकावर मी लाल शाईने लिहिलं, "एकटी बाई, परका माणूस, वेगळा देव, आजारी मूल, यातल्या कशावरूनही घर नाकारता येत नाही." लिहून झाल्यावर दोन पावलं मागे जाऊन बघितलं आणि स्वतःवरच खूश झाले.

वकीलबाई चांगलं बोलल्या. म्हणाल्या, "खरं कारण तोंडावर कोणी सांगत नाही. भाचा राहायला येतोय म्हणतात, रंगकाम काढलंय म्हणतात. म्हणून तक्रारीत आधी हे दाखवावं लागतं, की घरमालकाला तुमची ती गोष्ट माहीत होती. ते दाखवता आलं नाही तर अर्ज उभाच राहत नाही."

मी मान डोलावली. पहिल्या रांगेत बसून, बरं का.

मग अर्ज लिहायला माणसं माझ्यासमोर बसायला लागली. तिसरी आली ती शिवणवाली. तीन वर्षं आमची वाचक. उसवलेलं, आखूड झालेलं दुरुस्त करून देते, एका मशीनवर संसार चालवते. नवरा आहे की नाही एवढं सोडून तिचं बाकी सगळं मला ठाऊक होतं. नऊ वर्षांची मुलगी तिच्याबरोबरच होती. ती सवयीने बालविभागाकडे पळाली.

"काय गं, तुलापण नाही म्हणाले?" मी विचारलं.

"तिघं, ताई." ती खुर्चीच्या टोकावर बसली. "आमची इमारत पाडणार आहेत. महिनाअखेरीला सोडायचीय, अकरा दिवस राहिलेत. नाही मिळालं तर दुसऱ्या गावाला भावाकडे. तिथे माझं गिऱ्हाईक नाही आणि हिचा डॉक्टर नाही. डॉक्टर सुटला तर..." तिने बालविभागाकडे बघितलं.

"लिहूया आपण. सोडायचं नाही कोणाला!" असं म्हणाले मी. माझ्या जिभेला हाड नाही ते नाहीच.

ती सांगत गेली, मी लिहीत गेले. पहिले ते निवृत्त मास्तर, दुसरा चष्म्याच्या दुकानाचा मालक, तिसरी वरच्या मजल्यावर दोन खोल्या असलेली बाई. तिघांनीही आधी हो म्हटलं होतं.

"खोली दाखवतात, चहा देतात," ती म्हणाली. "मग म्हणतात दोन दिवसांनी या. त्या दोन दिवसांत काय होतं देव जाणे. परत गेलं की चेहराच बदललेला. मास्तर तर हिच्याकडे असं बघत होते, की ही आत्ता त्यांच्या अंगणात पडणार. त्यांना कळलं कुठून? हिला आकडी येते हे मी सख्ख्या भावाला सांगितलेलं नाही."

माझं पेन थांबलं.

त्या दोन दिवसांत काय होत होतं, ते देवाला नाही, मला माहीत होतं. माझा फोन वाजत होता.

मास्तरांनी पहिला केला. "तुमची वाचक आहे म्हणे. बाई कशी आहे?" मी म्हटलं, सोन्यासारखी आहे. तिथे थांबायला काय झालं होतं? पण नाही. म्हटलं, "फक्त मुलीला आकडी येते हो, जिन्याला कठडा आहे ना?" आकडी येणाऱ्या मुलांना कसं सांभाळावं, त्यावरचं पुस्तक तिने चार वेळा मुदत वाढवून नेलं होतं. नोंद माझ्याच हातची. मुलीच्या काळजीपोटी बोलले, असं मी मनाशी म्हटलं. पहिल्या वेळी ते खरंही असेल.

पण चष्मेवाल्याने विचारलं तेव्हा? तोवर मास्तरांनी नकार दिल्याचं माझ्या कानावर आलं होतं. तरी सांगितलं. तो म्हणाला, "बरं झालं बाई, तुम्ही सांगितलंत, नाहीतर मला कोण सांगणार होतं." ते ऐकून मला बरं वाटलं. आपल्याला विचारल्याशिवाय या गावात पान हलत नाही, असं वाटलं. तिसरीने तर फोनही केला नव्हता. ती भाजी घेताना भेटली आणि मीच होऊन विषय काढला.

"ताई, सात नंबर राहिला," शिवणवाली म्हणाली.

अर्जात सातवा प्रश्न होता, घरमालकाला ही माहिती कोणाकडून मिळाली?

"काय लिहू?" मी विचारलं.

"माहीत नाही लिहा. मी तरी काय सांगणार? ओळखीचं माणूस म्हणून तुमचं एकटीचं नाव देते मी सगळीकडे. ग्रंथालयातल्या ताई मला ओळखतात, म्हणते. तुम्ही तर चांगलंच सांगितलं असणार."

टोमणा असता तर बरं झालं असतं. टोमणा नव्हता तो. ती मनापासून म्हणाली, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी मी काय केलं सांगू? मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं, "माहीत नाही."

वकीलबाईंनी अर्ज वाचला आणि मान हलवली. "सातव्याला उत्तर नसेल तर अवघड आहे. तिघंही म्हणतील, आम्हाला आजाराचं ठाऊकच नव्हतं." शिवणवालीने अर्जाची घडी घातली, पिशवीत टाकली, मुलीला हाक मारली. भांडली नाही, रडली नाही. तिला सवय होती.

माझ्या खुर्चीमागे भिंतीवर पाटी आहे. "वाचकांची नोंद गोपनीय आहे." तीही माझ्याच हातची. निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती. गप्प बसले असते तर कोणाला कळलं नसतं. आयुष्यात एकदा तोंड बंद ठेवायची मला खरीखुरी संधी होती.

ती दारापाशी पोचली होती. मी उठून गेले.

"थांब," म्हटलं. "मी सांगितलं."

"काय?"

"मुलीचं. तिघांनाही मीच सांगितलं."

तिला आधी कळलंच नाही. ती थोडी हसलीसुद्धा. मग हसू गेलं. तिने मुलीला पुढे पाठवलं, "जा, पायरीवर बस." आणि मला विचारलं, "तुम्हाला कोणी सांगितलं?"

"कोणी नाही. तू ते पुस्तक न्यायचीस, त्यावरून."

"बरोबर काय म्हणालात? शब्दाला शब्द सांगा."

वाचनकक्ष भरलेला होता. ग्रंथपालबाई बघत होत्या, वकीलबाई बघत होत्या. मी सांगितलं, कठड्यासकट, भाजीसकट. धरणीने पोटात घ्यावं असं वाटत होतं, पण धरणी अशी मागून मिळते होय?

"चुकले गं मी," मी म्हटलं. "माझ्या मनात वाईट नव्हतं."

तिने पिशवीतून अर्ज काढला, घडी उलगडली, टेबलावर ठेवला. "लिहा," म्हणाली. "सात नंबर. तुमचं नाव लिहा आणि खाली सही करा."

मी "माहीत नाही" खोडलं आणि लिहिलं. अक्षर तेवढं मोत्यासारखं आलं नाही.

सही कामाला आली. वकीलबाईंची नोटीस गेल्यावर चष्मेवाला नवव्या दिवशी किल्ली घेऊन स्वतः तिच्याकडे गेला. मुलीचा डॉक्टर सुटला नाही. मला ग्रंथपालबाईंनी देवघेवीवरून काढून मागच्या कपाटांपाशी, पुस्तकं लावायला बसवलं. मी हूं की चूं केलं नाही. घरी ह्यांना सांगितलं, तर तेही तिळाचं बोलले नाहीत, हे जास्त लागलं.

शिवणवाली अजून येते. दर शनिवारी. मुलीला तिथेच बसून वाचायला गोष्टीचं पुस्तक काढून देते आणि स्वतः माझ्या बाजूच्या कोपऱ्यातल्या कपाटाशी उभी राहते. ते आकडीचं पुस्तक काढते, उभ्या उभ्या चार पानं वाचते, कागदाच्या तुकड्यावर काहीतरी टिपून घेते. मी दिसले की पुस्तक मिटून परत ठेवते. म्हणून आता ती आली की मी दुसऱ्या खोलीत जाते.

परवा टेबलावरच्या नव्या मुलीने मला विचारलं, "या बाई दर आठवड्याला येतात, वर्गणीही भरतात, मग घरी काही का नेत नाहीत?" मी नोंदवही उघडून बघितली. त्या शनिवारपासून तिच्या नावापुढे एकाही पुस्तकाची नोंद नव्हती.

"मला माहीत नाही," मी म्हटलं.