बांधाला कुठला साप चावला?

समाजमंदिरासमोर अख्खा गाव लोटला होता. मधोमध स्टीलच्या वाटीत दूध, दुधात सुपारीएवढा काळा मणी आणि मण्यातून सुटणारे बुडबुडे. बायका प्रत्येक बुडबुड्याला हात जोडत होत्या.

"बघा, विष बाहेर पडतंय!" मणिनाथ महाराज गरजले. डोळ्यांवर गॉगल, गळ्यात कवड्या. "शेषनागाच्या फण्यावरचा मणी आहे हा! विषाचा तहानलेला! पोट भरल्याशिवाय जखम सोडत नाही, आणि सोडली की माणूस मोकळा!"

माणूस म्हणजे आमचा चंदर. ट्रेलरवरचा ड्रायव्हर, ठमाआत्याचा एकुलता एक. सकाळी मिठागराच्या बांधावर त्याच्या उजव्या पायाला फुरसं चावलं. मी या गावची आशा सेविका. मला कळेपर्यंत पाऊण तास गेला होता. पाऊण तास! रस्त्यावर त्याच्याच मित्राची गाडी उभी, सरकारी रुग्णालय वीस मिनिटांवर, आणि हा ओट्यावर आडवा. पाय घोट्यापर्यंत सुजलेला, जखमेतलं रक्त थांबत नव्हतं.

"उचला याला," मी ओरडले.

ठमाआत्यानं माझा हात धरला. "थांब गो सुचिता. मणी जखमंला कसा चिकटला, मी माज्या डोल्यांनी बघितला. आपसूक सुटला. अजून दोनदा लावाचा हाय."

"आत्या, पाय बघ त्याचा!"

"सूज म्हणजे विष वर येतंय," महाराज मध्येच बोलले. "शंका घेणाऱ्यांनी मागे सरावं. शंकेनं मणी रुसतो."

रुसतो म्हणे! माझं डोकंच फिरलं. सहा वर्षं मी घरोघर सांगत फिरतेय, साप चावला की आधी दवाखाना. सगळे माना डोलावतात, चहा पाजतात आणि वेळ आली की बाबाच्या पायाशी जाऊन बसतात. पालथ्या घड्यावर पाणी नुसतं! पण भांडत बसले असते तर आणखी वेळ गेला असता.

समाजमंदिराच्या मागेच बांध. मे महिन्याच्या उन्हात कडकडीत सुकलेला. मी धावत गेले आणि दोन लहान ढेकळं उचलून आणली. गर्दीत सगळ्यांत पुढे रावजीनाना उभे होते, चाळीस वर्षं मिठागरात घालवलेले.

"नाना, जीभ काढा."

"काय?"

"काढा म्हणते ना!"

बिचाऱ्यांनी काढली. मी एक ढेकूळ जिभेला टेकवलं आणि हात सोडला. ढेकूळ तिथंच लटकून राहिलं. दोघं-तिघं हसले. दुसरं मी दुधात टाकलं. टाकल्याबरोबर फसफसून बुडबुडे वर आले, मण्याच्या दुप्पट.

"आता सांगा," मी म्हणाले, "बांधाला कुठला साप चावला?"

नानांनी जिभेवरचं ढेकूळ ओढून काढलं, थुंकले आणि वाटीत वाकून बघितलं. "आरं, ही तं ढेकर हाय!"

उघाडीचं, म्हणजे बांधातल्या पाणवाटेचं, दार उचलून मिठाच्या सुक्या वाफ्यात भरतीचं पाणी घेतलं की भेगांतून बुडबुडे येतात. आमच्याकडे म्हणतात, माती ढेकर देते. लहान पोराला ठाऊक असलेली गोष्ट! पण स्टीलच्या वाटीत दिसली आणि सगळ्यांनी हात जोडले.

"ढेकरच ती, नाना. हा मणी म्हणजे भाजलेली चिकणमाती. तिचे कण बारीक, पापुद्र्यासारखे. पाण्याला ते ओढून धरतात. सुकलेल्या मातीच्या फटींत हवा भरलेली असते. पाणी आत शिरलं की हवा बाहेर पडते, तेच हे बुडबुडे. जखमेला मणी चिकटला तो रक्तातलं पाणी प्यायला. वरून भिजला आणि सुटला, आतल्या फटींत हवा राहिलीच. विष कधीच अंगात पसरलंय!"

"पाखंड आहे हे!" महाराज किंचाळले.

"मग तुमचा मणी सुकवून माझ्या पाण्याच्या बाटलीत टाका. पाण्याला तर साप चावलेला नाही ना?"

त्यांनी मणी झोळीत टाकला. तेवढ्यात नानांनी चंदरच्या काखेत हात घातले. "धरा र पोरांनो! बघताव काय!"

चंदर वाचला. सापाच्या विषावरची इंजेक्शनं लागली, आणि पुढचं अर्धं पाऊल कापावं लागलं. ब्रेकवरचा पाय. ट्रेलर गेला तो गेलाच. महाराज त्याच दुपारी पसार झाले. आणि गाव काय म्हणतं? "मण्यानं निम्मं विष ओढलं म्हणून वाचला!" ऐकलं की वाटतं, आपलंच कपाळ बडवून घ्यावं.

परवा ठमाआत्यानं मला दारातच अडवलं. "खरा सांग. लगेच नेला असता तं?"

खोटं बोलवेना. "डॉक्टर म्हणाले, कदाचित पाय वाचला असता."

ती खाली बसली. "जलम मिठागरात गेला गो माजा. ढेकर मना ठावूक व्हती. आन् दुधाची वाटी मीच धरली व्हती."

मी तिच्याजवळ बसले.

तुम्हाला मात्र सांगते, हात जोडून सांगते. आमचं खोटं वाटत असेल तर सुकं ढेकूळ घ्या, पाण्यात टाका, स्वतः बघा. पण हे आज बघा, घरी, निवांत. साप चावल्यावर काही बघत बसू नका. आधी गाडी काढा.