उत्तरसूचीतले सात

भाचीने जेवणाच्या टेबलावर चाचणीचा पेपर ठेवला आणि आत्याचा घास हातातच राहिला. गणित साधंच होतं. एका नळाने टाकी दहा तासांत भरते, दुसऱ्याने पंधरा तासांत, दोन्ही एकदम सोडले तर किती वेळ लागेल? भाचीने लिहिलं होतं, सहा तास. त्यावर बाईंनी लाल फुली मारून शेजारी लिहिलं होतं, सात.

"मी बाईंना फळ्यावर करून दाखवलं," भाची म्हणाली. "तर म्हणाल्या, शाळेत तीन मोठ्या कंपन्यांची पुस्तकं आहेत, तिन्हींत मागे सात दिलंय. त्या सगळ्या चुकल्या आणि तू एकटी शहाणी का? सगळा वर्ग हसला." मग जरा थांबून तिने विचारलं, "आत्या, मी मठ्ठ आहे का गं?"

तेरा वर्षांच्या या पोरीला घरात फौजदार म्हणत. उलटतपासणी घेतल्याशिवाय ती कुणाचं काही मानायची नाही. तिच्या तोंडी असला प्रश्न ऐकून आत्याला भडभडून आलं, कारण ते सात आत्यानेच टाकलेलं होतं.

आत्या त्या तीनपैकी एका कंपनीत गणिताच्या पुस्तकांची उत्तरसूची बघायची. ऑफिसात तिचं नावच उत्तरबाई पडलं होतं. बारा वर्षांपूर्वी सगळ्यांना दाट संशय होता की रस्त्यापलीकडची कंपनी यांची उत्तरं जशीच्या तशी ढापते. पण सिद्ध कसं करणार? बरोबर उत्तर काही कुणाच्या बापाचं नसतं. म्हणून तेव्हाच्या साहेबांनी डोकं लढवलं: एक उत्तर मुद्दाम चुकीचं छापायचं, ते पलीकडे सापडलं की चोर पकडला. आत्याने सहाचे सात केले. वर्षभरात पलीकडच्या पुस्तकात सात उगवलं, तेव्हा तिला कोण आनंद झाला! वकील गाठला, कागद तयार झाले, आणि ऐन वेळी तिसऱ्या, सगळ्यांत मोठ्या कंपनीने दोघींनाही विकत घेतलं. खटला गुंडाळला गेला. पुढे मोठ्या कंपनीने सगळ्या पुस्तकांची उत्तरं एका संगणकात एकत्र केली, त्यात सातही गेलं आणि मोठ्या कंपनीच्या स्वतःच्या पुस्तकातही जाऊन बसलं.

हे भाचीला सांगायची आत्याला लाज वाटली. "छापताना गडबड झाली असेल. नवी आवृत्ती शुक्रवारी छपाईला जातेय, त्याआधी बदलून आणते," एवढंच ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती उत्तरांचा संगणक सांभाळणाऱ्या गृहस्थांकडे गेली. ते मूळचे रस्त्यापलीकडच्या कंपनीतले. आता तिच्याच मजल्यावर बसत, तरी त्यांना अजून सगळे 'समोरचे' म्हणत.

"दुरुस्तीचा फॉर्म भरा," समोरचे म्हणाले. "बरोबर उत्तर छापलेली दोन पुस्तकं पुरावा म्हणून जोडा."

"अहो, पुस्तकं कशाला? इथेच सोडवून दाखवते की."

"सोडवून दाखवायला फॉर्मात रकाना नाही."

आत्याने ग्रंथालयातली कपाटं उपसली. हिरवं पुस्तक काढलं, सात. लाल काढलं, सात. मुखपृष्ठावर घुबड असलेलं, जाडजूड, सोपं, अतिसोपं, सगळीकडे सात. लेखक वेगळे, नावं वेगळी, आणि पहिल्या पानावर तळाशी बारीक अक्षरांत मालक तोच. ती धूळभरल्या हातांनी परत आली.

"बाहेरच्या कंपनीचं एखादं पुस्तक असेल ना?"

"एक होती बाहेरची. गेल्या वर्षी आपण घेतली."

"आपण म्हणजे कोण?"

समोरच्यांनी विचार केला. "ते मलाही नीट कळलेलं नाही," ते म्हणाले.

शेवटी तिने दार लोटून घेतलं आणि सांगून टाकलं. "ते सात मी मुद्दाम टाकलं होतं. तुम्हाला पकडायला."

समोरच्यांचा चेहरा पडला. "आणि ते उचललं मी. उत्तरबाईंनी दिलंय म्हणजे चोख असणार, म्हणून तपासलंही नाही." ते चष्मा पुसत राहिले. "पण बाई, बारा वर्षांत एक तक्रार नाही हो. सहा नक्की ना?"

आत्याने फॉर्मच्या पाठीवर गणित मांडलं. सहा आलं. पुन्हा मांडलं, पुन्हा सहा. तरी तिने तिसऱ्यांदा मांडायला घेतलं. एवढ्या पुस्तकांत सात आहे, तर आपलंच कुठे चुकत नाही ना, असं तिच्या मनात येऊन गेलं आणि तिला स्वतःचाच राग आला. दोघांनी सह्या करून फॉर्म पुरावा न जोडताच वर पाठवला. शुक्रवारी दुपारी तो खाली आला. त्यावर शेरा होता, पुढच्या आवृत्तीच्या वेळी विचार करावा. पुस्तक छपाईला गेलं होतं.

संध्याकाळी आत्या मान खाली घालून घरी आली, तर भाची उड्या मारत समोर. "आत्या, फेरपरीक्षेत पैकीच्या पैकी!"

"नळाचं गणित आलं होतं?"

"हो ना. मी सात आणलं."

"आणलं म्हणजे?"

भाचीने वही उघडून दाखवली. सगळं नीट मांडलेलं होतं, फक्त सुरुवातीला एक ओळ जास्त होती: पहिला एक तास दोन्ही नळांना नुसती हवा येते असे मानू. "आता मी आधी मागचं उत्तर बघते," ती खुशीत म्हणाली, "आणि मग काय मानलं की ते येईल ते शोधते. बाई म्हणाल्या, आता कशी वळणावर आलीस."

आत्याने वही मिटून बाजूला ठेवली. मग तिने सगळं सांगितलं. सहाच बरोबर होतं, सात आपण टाकलं होतं, आणि बदलून आणायचं कबूल करूनही जमलं नाही. भाची रडली नाही, चिडलीही नाही. तिने टेबलावरचं गणिताचं पुस्तक ओढलं, मागची उत्तरांची पानं उघडून आत्यापुढे धरली.

"यातली आणखी कुठली चुकीची आहेत?"

आत्या पानं उलटत राहिली. तिने स्वतः टाकलेलं ते एकच होतं, एवढं तिला ठाऊक होतं. पण पलीकडच्यांनीही आपल्याला पकडायला काही टाकलं असेल, मोठ्या कंपनीनेही टाकलं असेल, आणि ते आता यातच मिसळलेलं असेल.

"मला माहीत नाही गं," उत्तरबाई म्हणाली.