खालच्या चार ओळी

"श्यामदा, आपका नीचे का हिस्सा है कि नहीं? मेरा तो कट गया," तापस हालदारने पलीकडच्या टेबलावरून विचारलं.

"मेरा ठीक है," श्यामकांत म्हणाले. मान न वळवता म्हणाले.

"सुबह लाइट गया, तब से ऐसा है. ऊपर का सब है, नीचे काला. जैसे किसीने धोती आधी फाड़ दी."

एरवी श्यामकांत हसले असते. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. चष्म्याचा दोष नव्हता हे त्यांना माहीत होतं.

त्या खोलीला कार्यालयात नदीकक्ष म्हणत. काम एवढंच होतं, की हुगळीच्या मुखापासून वर शहरापर्यंत जागोजागी बसवलेल्या यंत्रांचे पाण्याच्या उंचीचे आकडे पडद्यावर येत, ते बघत बसायचं. अमावास्या-पौर्णिमेला भरती जोरात असली, की पाणी भिंतीसारखं उभं राहून नदीत वर चढतं. बंगाली लोक त्याला बान म्हणतात. बान निघाला, की पडद्याच्या अगदी खालच्या ओळीवर पांढऱ्या पट्टीत काळी अक्षरं उमटत, आणि घाटाघाटांवर फोन जात. मग पायऱ्यांवरची माणसं वर घेतात. नावाडी मात्र किनारा सोडून नावा मध्यधारेत नेतात, कारण काठाला बांधलेली नाव बानात टिकत नाही. बान ओसरला, की इशाऱ्याची ती ओळ पुन्हा रिकामी होई.

यंत्रणा जुनी होती. एकच युनिक्स मशीन, त्याला जोडलेले तीन पडदे आणि सगळ्यांचं मिळून एकच लॉगिन. पाळी बदलताना कोणी लॉगिनमधून बाहेर पडत नसे. एक उठला की दुसरा त्याच उबदार खुर्चीत बसायचा. पडदा क्षणभरही बंद असू नये म्हणून कधीतरी कोणीतरी लावलेली ती शिस्त होती, आणि पुढे तीच रीत झाली होती.

आज सकाळी वीज गेली, बॅटरीनेही मान टाकली आणि मशीन बंद पडून पुन्हा सुरू झालं. कित्येक महिन्यांनी तिन्ही पडद्यांवर नव्याने लॉगिन करावं लागलं होतं.

आणि आज महालया होती, म्हणजे आपली सर्वपित्री अमावास्या. खिडकीतून खालचा घाट दिसत होता, म्हणजे तापसला दिसत होता. श्यामकांतना पांढऱ्या धोतरांचा एक मोठा हलता डाग दिसत होता. माणसं कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून तर्पण करत होती. इथून खाली, नदीच्या मुखाकडच्या बजबजपर्यंत प्रत्येक घाटावर आज हेच असणार.

श्यामकांतनी आजची पाळी मागून घेतली होती. बायकोला, वृंदाला जाऊन अजून वर्ष झालं नव्हतं, त्यामुळे यंदाच्या पक्षात तिचं काही करायचं नव्हतं. करायचं काहीच नाही आणि नुसतं घरी बसायचं, हे त्यांना जमत नसे. डमडमच्या क्वार्टरमध्ये ते फक्त झोपायला जात. बाकी जे काही उरलं होतं, ते या खुर्चीत होतं.

ती खुर्ची जाईल, याची त्यांना धास्ती होती. डोळ्यांत मोतीबिंदू पिकत चालला होता. गेल्या वर्षी वृंदा म्हणाली होती, "माझ्या साडीचा रंग सांगा. बरोबर आला तर ऑपरेशन पुढे ढकलते." त्यांनी निळा सांगितला. "हिरवी आहे हो! चला, दुर्गापूजा झाली की तारीख घेऊ." पूजा झाली आणि तीच आजारी पडली. मग कोण जातं डोळ्यांच्या डॉक्टरकडे? दिवाळीनंतर कार्यालयाची नेत्रतपासणी होती. त्यात नापास झालेल्याला गोदामात बसवत.

म्हणून पावसाळ्यात त्यांनी आपल्या पडद्यावरची अक्षरं मोठी करून घेतली होती. मोठ्या अक्षरांत चोवीस ओळी मावेनात, सगळं एकमेकांवर चढायला लागलं. तेव्हा त्यांनी सुरुवातीच्या फाइलमध्ये एक ओळ घातली, की पडदा वीस ओळींचा आहे असं समज. एकदा बाहेर पडून पुन्हा आत शिरले. झालं, चित्र नीट बसलं. खालच्या चार ओळी गेल्या. पण तीन ओळींत किरकोळ ठाण्यांचे आकडे होते, आणि इशाऱ्याच्या ओळीसाठी शेजारी तापस होताच. पट्टी उमटली, की तो आधी ओरडायचा आणि मग फोन उचलायचा. दुसऱ्या पाळीला दोनच माणसं असत, ती उरलेल्या दोन पडद्यांवर बसत. चालून गेलं.

दार ढकलून विनीता आत आली. देखभालीचं कंत्राट असलेल्या कंपनीची इंजिनियर, मूळची सांगलीची. इथे मराठी बोलायला मिळतं म्हणून या कार्यालयाचा फोन ती स्वतः घ्यायची.

"काका, महालयालासुद्धा कामावर? काय बिघडलं?"

"काही नाही गं. तापसच्या पडद्याचं काहीतरी."

"तुमचा बघू आधी?"

"माझा नको," ते जरा जोरातच म्हणाले. विनीता थबकली. "माझा नीट आहे. तू केबल बघ. वीज गेली तेव्हा सैल झाली असेल."

"केबल सैल असली तर अख्खा पडदा जाईल, काका. खालचा तेवढा कसा जाईल?"

"बघ तरी. जुनी मशिनं आहेत. त्यांचं काही सांगता येत नाही."

वयाचा मान म्हणून ती टेबलाखाली शिरली. श्यामकांतनी खुर्ची थोडी आत सरकवली आणि आपला पडदा खांद्याआड घेतला. एवढी मोठी अक्षरं पाहिली असती तर पोरीला एका नजरेत त्यांच्या डोळ्यांचं कळलं असतं.

"इथलं सगळं घट्ट आहे," टेबलाखालून आवाज आला.

"मागच्या कपाटातलंही बघ."

"अहो, काय धूळ आहे! आईशप्पथ, इथे उंदीर मेलाय."

तापस हसला. खाली घाटावर कोणीतरी शंख फुंकला.

श्यामकांत समोरच्या आकड्यांकडे बघत होते. मोठ्या अक्षरांत ते त्यांना स्वच्छ दिसत. नदीच्या मुखाजवळच्या ठाण्याचा आकडा बदलला. थोड्या वेळाने पुन्हा बदलला. भरतीचं पाणी चढतं तेव्हा आकडा सावकाश वाढतो, पण हा उड्या मारत होता. त्याच्या पुढच्या, शहराकडच्या ठाण्याचा आकडा अजून जागचा हलला नव्हता. एवढ्या वर्षांत त्यांनी हे चित्र पुष्कळदा पाहिलं होतं. ते असं दिसलं, की काही क्षणांत तापस ओरडायचाच.

तापस ओरडला नाही. तो चहाच्या कपात बिस्किट बुडवत होता.

"तापस, नीचे की लाइन में कुछ आया?"

"कहाँ से आएगा दादा? बोला ना, नीचे सब काला."

श्यामकांत उठले आणि त्याच्या पडद्याला नाक टेकेल इतके जवळ गेले. वर बारीक अक्षरांच्या वीस ओळी, खाली चार बोटांचा काळोख. त्यांचीच ओळ, त्यांचीच फाइल. ती लॉगिन करताना वाचली जाते आणि लॉगिन सगळ्यांचं एकच होतं. इतके दिवस दुसरं कोणी नव्याने आत शिरलं नव्हतं, एवढंच. आज सगळे शिरले होते. तिन्ही पडद्यांवर इशाऱ्याची जागाच उरली नव्हती.

ते पडद्यांना पाठ करून उभे राहिले. कपाटामागे विनीता शिंकली. नुसतं तापसला फोन करायला सांगितलं, तर भागेल का? पण पाणी प्रत्येक ठाण्याला किती वाजता पोचतं, याचा हिशेब यंत्र करायचं आणि तो त्याच ओळीत यायचा. त्याशिवाय घाटवाले हलत नसत.

"तापस, फोन लगाओ. बजबज पहले. बान आ रहा है." मग ते कपाटाकडे वळले. "विनीता, बाहेर ये. केबलचं काही नाही. सुरुवातीच्या फाइलमध्ये वीस ओळींचा आकडा आहे, तो काढ. मी घातलाय."

"तुम्ही?"

"मी. मला अक्षरं दिसत नाहीत म्हणून. लवकर कर, पोरी."

ती धुळीचे हात पँटला पुसत धावली. तिने ओळ काढली, तापसच्या पडद्यावरून बाहेर पडली, पुन्हा आत शिरली. काळोखाच्या जागी आकडे आले, आणि अगदी खाली पांढरी पट्टी आली. आत्ता उमटलेली नव्हती ती. बराच वेळ तिथेच असणार, फक्त कोणाला दिसत नव्हती.

तापसच्या हातातलं बिस्किट कपात पडलं. फोनवर तो बंगालीत इतक्या जोरात ओरडत होता, की खालच्या घाटावरची दोनचार माणसं वर बघायला लागली. एका घाटानंतर दुसरा, मग तिसरा. श्यामकांत त्याच्या मागे उभे होते. त्यांना आवाज तेवढा ऐकू येत होता.

मग पाणी आलं. आधी एक लांबवरचा घरघराट, जणू मालगाडी पुलावर चढतेय. खालचा पांढरा डाग घाईघाईने पायऱ्या चढला, आणि त्याच्यामागे तपकिरी काहीतरी घाटावर आपटून फुटलं. पितळेचे तांबे गडगडल्याचा आवाज खिडकीपर्यंत आला.

बजबजहून फोन यायला पुष्कळ वेळ लागला. तापसने तो ऐकला, खाली ठेवला आणि घाम पुसला.

"सब उठ गया था, दादा. एक बूढ़ा रह गया. तर्पण अधूरा छोड़ने को राज़ी नहीं हुआ. नाववालों ने निकाला. खांदा मोडलाय, जिवंत आहे." शेवटचे शब्द तो मराठीत बोलला. श्यामकांतबरोबर इतकी वर्षं काढून तेवढं मराठी त्याला येत होतं.

विनीता श्यामकांतजवळ आली.

"काका, मला रिपोर्ट द्यावा लागेल. वीज गेल्यामुळे सेटिंग बिघडलं, असं लिहिते. सगळ्यांचं एकच लॉगिन आहे. कोणी केलं ते मशीनलाही माहीत नाही."

"तापसला माहीत आहे."

"हमको कुछ नहीं मालूम," तापस पडद्याकडे बघत म्हणाला. "मैं चाय पी रहा था."

श्यामकांत आपल्या खुर्चीत बसले. समोर मोठी, गोल, पांढरी अक्षरं होती. ती त्यांनी एक एक पायरी लहान करत नेली. आकड्यांचे ठिपके झाले, ठिपक्यांचा करडा धूर झाला. मग तेही बाहेर पडून पुन्हा आत शिरले. पडदा आता चोवीस ओळींचा होता. त्यांना त्यातली एकही वाचता येत नव्हती.

"माझं नाव लिही," ते विनीताला म्हणाले. "पूर्ण लिही."

त्यांनी टेबलावरचा चष्म्याचा डबा खिशात टाकला, उठून खुर्ची मागे ओढली आणि खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले.

"बस इथे जरा," ते म्हणाले. "खालची ओळ रिकामी झाली का, ते मला सांग."

विनीता बसली.

"नाही, काका," ती म्हणाली. "अजून आहे."

ते तसेच मागे उभे राहिले.