बदलीचा लमझना

“बसा न भाऊ, खाटेवर बसा,” वारलू म्हणाला.

गुलाब बसला नाही. काल सकाळी भद्रावतीहून निघून चंद्रपूर, आलापल्ली अशा एस.टी. बदलत, पुढे लाकडाच्या ट्रकवर आणि शेवटी पायी असा तो भामरागडच्या अलीकडल्या या जांभूळटोल्याला पोचला होता. एवढे करूनही त्याचे पाय थांबायला तयार नव्हते. वारलूच्या खळ्याभोवती तो लंगडत फेऱ्या मारत होता आणि त्याची नजर इसरूवरून हलत नव्हती.

इसरू धानाच्या पेंढ्या वर फेकत होता. पुंजणा, म्हणजे पेंढ्यांची रास, चांगला दोन पुरुष उंच झाला होता आणि माथ्यावर वारलूची मुलगी मंगली उभी राहून पेंढ्या झेलून रचत होती. इसरू टाचा उचली, मनगट मोडी, आणि पेंढी वरून वळून अलगद मंगलीच्या हातात उतरे. गुलाबला धानाशी काही देणेघेणे नव्हते. त्याला ते मनगट दिसत होते, आणि ते इथे धानावर खर्ची पडतेय हे त्याला बघवत नव्हते.

“चार-सहा दिवसांचा तं सवाल आहे, वारलूभाऊ,” तो म्हणाला. “नागपूरले जाईल, बास्केटबॉलच्या निवडीत खेळंल, वापस येईल.”

“जाऊ द्या न, म्या कुठी धरून ठेवलं?” वारलू तंबाखू मळत म्हणाला. “पण मंग वापस माह्या घरी नोको. लमझन्यानं धानाच्या दिवसात घर सोडलं तं संपलं. केलेलं काम पाण्यात. पोरगी दुसऱ्याची.”

लमझना म्हणजे काय, हे गुलाबला आज सकाळीच आश्रमशाळेतल्या श्रीहरी मास्तरने सांगितले होते. पोराने मुलीच्या घरी राहायचे, तिच्या बापाच्या शेतात राबायचे, आणि बापाचे समाधान झाले की लग्न. इसरू दिवाळीच्या सुट्टीत गावी गेला तो दहावीची पुस्तके शाळेतच ठेवून इकडे राहायला आला. मास्तर हळहळला, पण गावातल्या लोकांना त्यात हळहळण्यासारखे काही दिसले नाही. पोराला पोरगी आवडली होती, पोरीला पोरगा.

गुलाब रामटेके हा काही सरकारने नेमलेला निवडकर्ता नव्हता. कारखान्यात फिटर होता. तरुणपणी बास्केटबॉल खेळायचा आणि बरा खेळायचा. नागपूरहून बोलावणे आले, त्याच आठवड्यात उडी मारून उतरताना गुडघा गेला, आणि खेळ तिथेच संपला. तेव्हापासून रजा मिळाली की हा निघाला जंगलात उंच पोरे शोधायला. “लोकं पोरीसाठी नवरदेव पाह्यतात, तुमी कोनासाठी पाह्यता?” असे त्याची बायको केसरबाई विचारायची. तो उत्तर देण्याआधी चपला घालायचा.

इसरू त्याला अहेरीच्या क्रीडा मेळाव्यात दिसला होता. उंच उडी मारत होता, अनवाणी. गुलाबने त्याची उंची पाहिली नाही, उतरताना पावलांचा आवाज होत नाही हे पाहिले. मग गुलाबने चेंडू आणून दिला, शाळेच्या मैदानात खांबावर कडे लागले, आणि गुलाबच्या प्रत्येक फेरीत पोरगा थोडा पुढे गेलेला दिसू लागला. आधी चेंडूकडे बघत पळायचा, मग मान वर झाली. मग डावा हात जागा झाला. लांबून टाकताना मात्र चेंडू सपाट जायचा. तेव्हा गुलाब कड्याच्या समोर हात उंच करून उभा राहायला लागला. “माह्या तळव्याच्या वरून टाक,” एवढेच शिकवणे. पुढे पुढे गुलाबचा तळवा दिसला की इसरूचा चेंडू आपोआप वरून वळू लागला.

“काई तोड नाई का?” गुलाबने विचारले.

वारलूने तंबाखू तोंडात टाकली. “आहे. त्याच्या घरचा माणूस त्याच्या जाग्यावर येऊन राबला तं चालते. पण त्याचा बाप बिमार. भाऊ लहान.”

“मी राबतो.”

वारलूने वर पाहिले. “तुमी त्याचे कोण?”

इसरूच्या हातातली पेंढी हातातच राहिली.

“काका आहे माहा,” तो तिथूनच म्हणाला.

वारलू हसला तो ठसका लागेपर्यंत. रामटेके आणि इसरूचे कूळ यांचा सात जन्मांत संबंध नव्हता, हे त्याला ठाऊक होते. पण गावात त्याने तसे सांगितले, चार जाणत्यांनी माना डोलावल्या, आणि दुसऱ्या दिवशी श्रीहरी मास्तर इसरूला घेऊन नागपूरला निघाला.

निघताना इसरू घुटमळला. “भाऊ, तिकडं कड्यापुढं कोण उभं राहील?”

“तिकडं कोणी उभं राहत नसते बावा. तुलेच पाहा लागते,” गुलाब म्हणाला. मग पोरगा झाडीआड जाईपर्यंत तो हात हलवत राहिला. ज्या दिवसासाठी त्याने एवढी वर्षे जंगल तुडवले, तो दिवस आता त्याच्यावाचून उगवणार होता. त्याला रडू आले, आणि स्वतःचा रागही आला.

मग सुरू झाली लमझनकी. गुलाबला गुडघ्यामुळे खालून फेकणे जमेना, म्हणून वारलूने त्याला पुंजण्यावर चढवले आणि मंगली खालून पेंढ्या देऊ लागली. गावातल्या बायका मुद्दाम वाट वाकडी करून खळ्यावरून जात.

“मंगले, तुहा लमझना तं म्हातारा झाला व!” त्यातली रुखमा म्हणाली.

“नागपूरची हवा लागली त्याले,” मंगलीने सांगितले आणि सगळ्या हसल्या. गुलाबही हसला. केसरबाईच्या कानावर गेले तर आपली काय गत होईल, या विचाराने त्याला जास्तच हसू आले.

पण निवडीच्या दिवशी मात्र त्याचे कामात लक्ष नव्हते. सारखा सूर्याकडे पाही. आता मैदानात उतरले असतील. आता पहिला अर्धा संपला असेल. सपाट टाकू नको रे, सपाट टाकू नको. त्याने रचलेल्या पेंढ्या एका बाजूला कलल्या आणि त्यातल्या काही घसरून खाली वारलूच्या डोक्यावर पडल्या.

“डोकं कुठी आहे तुमचं?” वारलू ओरडला.

“नागपूरले,” गुलाब म्हणाला. वारलूने मग पेंढ्या गोळा केल्या.

इसरू परतला तेव्हा उन्हे उतरणीला लागली होती. शाळेतून चालत आला होता. कुणीतरी दिलेले पांढरे बूट नाडीने बांधून गळ्यात अडकवले होते. गुलाबने त्याला पुंजण्यावरूनच पाहिले. उतरायला गेला, पण गुडघा वाकेना, म्हणून वरूनच ओरडला, “काय झालं?”

इसरूने आधी मंगलीकडे पाहिले, मग वर.

“पहिल्यांदा हुकलं. सगळं सपाट जाऊन राह्यलं होतं. मंग तुमचा हात मनात धरला आन् टाकलं.” त्याने गळ्यातले बूट चाचपले. “घेतलं त्याहीनं. राज्याच्या टीममधी घेतलं.”

गुलाबने दोन्ही हात वर केले आणि पुंजण्यावर एक उडी मारली. गुडघ्यातून कळ गेली, तरी तो हसतच होता. “म्या सांगतलं होतं! वारलूभाऊ, म्या काय सांगतलं होतं?”

“पण म्या नाई म्हणून आलो,” इसरू म्हणाला.

“काऊन?”

“तिकडं पुण्याले सहा महिने राहा लागते म्हणे. तयारीले.” इसरूने बूट गळ्यातून काढून खळ्याच्या कडेला नीट ठेवले. “सहा महिने तुमाले इथी ठेवू काय, भाऊ?”

पोराने टोमणा मारला नव्हता. त्याने खरेच विचारले होते, आणि तो उत्तराची वाट बघत मान वर करून उभा होता. मंगलीही बघत होती. ठेव, असे गुलाबच्या अगदी ओठावर आले. तेवढ्यात त्याला कारखान्याचा भोंगा आठवला, संपत आलेली रजा आठवली, भद्रावतीत वाट बघणारी केसरबाई आठवली. मुठीत धरलेला गुडघा ठणकत होता.

इसरूने थोडा वेळ वाट पाहिली आणि सदरा काढून बाभळीच्या फांदीवर टाकला.

“बाजूले हो,” तो मंगलीला म्हणाला.

“चला चला,” वारलू इसरू-गुलाब दोघांकडेही न बघता म्हणाला. “अंधाराच्या आत पुंजण्याचा माथा बांधा लागते.”

इसरूने पेंढी उचलली आणि थांबला. वर गुलाबचा हात सवयीने उंच झाला होता, तळवा पुढे. त्याच्या ते ध्यानातही नव्हते. इसरूने टाचा उचलल्या, मनगट मोडले. पेंढी वरून वळून आली आणि नेमकी तळव्यात पडली.

गुलाबने ती पुंजण्यावर नीट रचली आणि पुन्हा हात वर केला.