लालसूचा दावा

कुरखेड्याच्या पुढे एसटी जिथं वळून परत फिरायची, तिथं वकील सत्यशीला उंदिरवाडे उतरली. सोबत कोर्टानं नेमलेला कमिशनर होता. लालसू तुलावीला खाटेवरून हलवणं शक्य नव्हतं, म्हणून त्याची जबानी त्याच्या खाटेपाशी जाऊन घ्यायची होती. एवढा एक हुकूम मिळवता मिळवता तिचं वर्ष सरलं होतं. कधी विमा कंपनीचा वकील यायचा नाही, कधी ट्रकमालकाला नोटीस पोचायची नाही, आणि दोघंही हजर असले की न्यायाधीश साहेब रजेवर असायचे.

लालसू जंगलातल्या गावचा. मागच्या वर्षीच्या उन्हाळ्यात तेंदूपत्ता विकून रस्त्याच्या कडेनं घरी निघाला होता. ठेकेदाराचा ट्रक मागे येता येता त्याच्या अंगावर आला. जीव वाचला, पण कमरेखालचं शरीर मेलं. दवाखान्यानं काही दिवस ठेवून घेतलं आणि मग घरी न्या म्हणून सांगितलं. त्याच्या बायकोला, सोनीबाईला, वकील म्हणून एकच नाव ठाऊक होतं. गावच्या शाळेत पूर्वी देवाजी मास्तर होते, त्यांची मुलगी गडचिरोलीला वकिली करते, एवढं ती ऐकून होती. ती विचारत विचारत आली आणि सत्यशीलानं दावा लावला.

नाल्याला पूर आला की त्या गावाची वाट बंद व्हायची. पूर ओसरला तशी ही दोघं चिखल तुडवत पोचली. अंगणात खाट भिंतीला उभी करून ठेवली होती. सोनीबाई आतून आली, पाण्याचा गडवा पुढं ठेवला आणि खाली बसली.

"तो गेला, बाई," ती म्हणाली. "धान रोवण्याच्या वेळी. ताप आला, उतरलाच नाई. तुले सांगाले कोन येनार होता? नाला भरला होता."

कमिशनरनं कागदावर दोन ओळी लिहिल्या, खाली सही केली आणि तो गाडीच्या वेळेसाठी माघारी निघाला. सत्यशीला तिथंच बसून राहिली. पडून पडून पाठीला जखमा झाल्या होत्या, त्या चिघळल्या, हे सोनीबाईनं तिला हळूहळू सांगितलं. ती त्याला कुशीवर वळवायची, मोहाच्या बियांचं तेल लावायची, लुगडं फाडून अंगाखाली घालायची. तरी जखमा भरल्या नाहीत.

तेव्हाच्या कायद्यानं जखमी माणूस मेला की त्याचा दावा त्याच्याबरोबर जातो, हे सत्यशीलाला माहीत होतं. तो त्या ट्रकमुळंच मेला हे दाखवता आलं, तरच बायकोला उभं राहायला जागा होती. आणि ते दाखवायला शवविच्छेदन हवं होतं. जी गोष्ट विचारायची नव्हती, ती तिनं मान खाली घालून विचारली. पुरलेला देह बाहेर काढून डॉक्टरला दाखवू द्याल का?

सोनीबाईनं गडवा उचलून बाजूला ठेवला.

"त्याले आमी आमच्या देवात मिळवलं," ती म्हणाली. "आता माती उकरून त्याले कुठी बोलावतेस?"

सत्यशीलानं पुन्हा तो विषय काढला नाही. उरला होता दवाखान्याचा डॉक्टर. त्याची बदली झाली होती. समन्सावर समन्स गेले, तेव्हा एकदाचा तो आला. कणा मोडलेल्या माणसाला अशा जखमा होतात आणि त्यातून मरणही येतं, हे त्यानं सरळ सांगितलं. सत्यशीलाच्या जिवात जीव आला. मग विमा कंपनीचे वकील उठले. आवाज न चढवता त्यांनी एवढंच विचारलं, की नीट काळजी घेतली तर या जखमा टाळता येतात ना? डॉक्टर म्हणाला, येतात.

त्यानंतर सोनीबाईला साक्षीला उभं करण्यावाचून इलाज राहिला नाही. जे खरं तेच सांगा, घाबरू नका, असं सत्यशीलानं तिला बजावलं होतं. तिनं तेल सांगितलं, लुगडं सांगितलं, रात्री उठून त्याला वळवणं सांगितलं. साहेब ऐकत होते.

"तुम्ही दिवसा शेतावर जात होता?" समोरच्या वकिलांनी विचारलं.

"जात होती. नाई गेली तर खाईन काय आनि त्याले चारीन काय?"

"मग तेव्हा त्याला कोण वळवत होतं?"

तिनं सत्यशीलाकडं पाहिलं. सत्यशीलाला काही बोलायची मुभा नव्हती.

"कोनी नाई," सोनीबाई म्हणाली.

निकाल लागला तो या दोन शब्दांवरच. मृत्यू अपघातानं झाला हे सिद्ध झालं नाही, घरी निगा कमी पडल्याची शक्यता नाकारता येत नाही, असं साहेबांनी लिहिलं होतं. ते दुष्ट नव्हते. वाचताना त्यांचा आवाजही जरा खाली आला होता. दावा खारीज झाला.

बाहेर कडुनिंबाच्या सावलीत सोनीबाईनं विचारलं, साहेब काय म्हणाले. खारीज झाला एवढंच सांगून सत्यशीला थांबणार होती. पण साहेबांनी निकाल मराठीतच वाचला होता. सोनीबाईनं सगळं ऐकलं होतं.

"बाई, तो माह्याच्यानं मेला का?"

"नाई. तुमी होत्या म्हणून तो इतके दिवस राह्यला."

"मंग साहेबानं तसं काऊन नाई लिहिलं?"

नागपूरला अपील करता येतं, अंगठा द्या, बाकीचं मी बघते, असं सत्यशीला घाईघाईनं सांगू लागली. सोनीबाईनं मध्येच विचारलं, ते लोक हेच कागद वाचतील का? कोणी वळवत नव्हतं, हेही वाचतील का? वाचतील, असं सत्यशीलाला म्हणावं लागलं.

"मंग नको," ती म्हणाली. "तिथी बी तेच वाचतीन. मले नाई आयकवत."

सत्यशीलानं तिला स्टँडवर नेलं, जेवायला बसवलं. तिनं ताटाला हात लावला नाही. गाडी लागली तशी ती चढली आणि मागच्या सीटवर डोक्यावर पदर ओढून बसली. सत्यशीलानं खालून दोनदा हाक मारली, पण इंजिनाच्या आवाजात ती तिला ऐकू गेली नसावी.

दुपारी सत्यशीलाची आणखी एक तारीख होती. पायावरून ट्रॅक्टर गेलेला गडचांदूरकडचा एक मजूर कोर्टाच्या पायरीवर कुबडी घेऊन तिची वाट पाहत होता. तिनं नळावर जाऊन तोंडावर पाणी मारलं, काळा कोट चढवला आणि त्याच्याकडं गेली. त्यानं विचारलं, आपलं काम होईल ना? आजवर प्रत्येकाला ती होईल म्हणत आली होती. आज ती त्याच्या शेजारी पायरीवर बसली आणि त्याच्यादेखत ओंजळीत तोंड झाकून रडू लागली.