गव्हाच्या पोत्यांतल्या गोळ्या

इंझोरीच्या जानरावांनी गव्हाच्या पोत्यांत किडीसाठी विषारी गोळ्या ठेवल्या आणि ते शेतात गेले. त्यांची बायको चतुराबाई त्या पोत्यांच्या लगतच्याच खोलीत दार लोटून झोपली. दुपारी तिला उलट्या झाल्या. ऊन बाधलं असेल, असं समजून ती पडून राहिली.

शेजारची सुकेशनी सहज डोकावली, तर घरात लसणासारखा उग्र वास.

“काकू, पोत्यात गोळ्या टाकल्या काय? त्याचा गॅस भरून राह्यला. चाला बाहेर!”

तिने चतुराबाईला ओढतच अंगणात आणलं आणि ऑटोतून दवाखान्यात नेलं.

चौथ्या दिवशी चतुराबाई परतली, ती आधी सुकेशनीच्या दारात गेली.

“पोरी, तू आली म्हणून मी जित्ती हाओ,” ती म्हणाली. मागे जानराव हात जोडून उभे होते.